उताणे बैल, आडवे मालक

"मॅडमला बैलाचे पाय कुठं असत्यात त्ये तरी म्हाईत हाय का?"

हे दाराबाहेर बोललं गेलं. पण आमच्या ऑफिसचं दार प्लायवुडचं आहे, त्यामुळे आत गणेश सरांना आणि मला, दोघांनाही नीट ऐकू आलं. सर हसले. मी स्क्रीनकडे बघत राहिले. स्क्रीनवर एक पांढराशुभ्र बैल चारही पाय आभाळाकडे करून होता. खाली नाव होतं, बादल. शेजारी त्याचे मालक बबनभाऊ. फोटो काढताना ते भिंतीजवळ उभे असणार. साइटवर मात्र ते उजव्या कुशीवर झोपलेले दिसत होते, फेट्यासकट.

जुन्नरच्या बाजारपेठेतल्या एका गल्लीत आमचं ऑफिस आहे. खाली फ्लेक्स छापायचं मशीन, वर आम्ही. गणेश सरांचा मूळ धंदा फ्लेक्सचा. वाढदिवस, निवड, श्रद्धांजली, सगळं एकाच मशीनवर. मग कधीतरी त्यांनी पाटीवर 'आयटी सोल्यूशन्स' हे शब्द वाढवले, आणि ते शब्द खरे करण्यासाठी मला नोकरीवर घेतलं. मी मंचरची, रोज एसटीने येते. शाळा इंग्लिश मीडियमची. ऑफिसात त्याचा उपयोग एवढाच, की एरर आला की सर म्हणतात, "वाच, काय म्हणतंय ते."

काम आंबेगाव तालुक्यातल्या एका गावाच्या यात्रेचं होतं. गावाचं नाव सांगत नाही. यात्रेत बैलगाडा शर्यत असते. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : चढावर आखलेली धावपट्टी म्हणजे घाट, आणि एका गाड्याची एक धाव म्हणजे बारी. कमिटीने या वेळी नोंदणी ऑनलाइन करायची ठरवली. गाडामालकाने स्वतःचा आणि बैलाचा फोटो अपलोड करायचा. त्यावरून पास छापायचा. शर्यतीच्या दिवशी बैल पासवरच्या फोटोशी जुळला तर बारी, नाही जुळला तर गाडा बाद.

एवढी कडक तपासणी का, तर आदल्या वर्षी कुणीतरी दुसऱ्याच बैलाला आपला म्हणून पळवलं होतं. बैलाच्या कानात नंबरचा पिवळा बिल्ला असतो, त्याने काम भागायला हवं होतं. पण त्या माणसाने बिल्लाच एका कानातून काढून दुसऱ्याच्या कानात टोचला होता. तेव्हापासून कमिटीचा बिल्ल्यावरचा विश्वास उडाला आणि फोटोवर बसला.

आणि फोटोत बैल उताणा.

बबनभाऊ आत आले. "राम राम सर. आमचा बैल मेला काय?"

"काय बोलता भाऊ!"

"मग साइटवर पाय वर करून का पडलाय? सकाळधरनं पावण्यांचे फोन. मेव्हणा इचारतो, दहाव्याला कवा येऊ?"

"सर्व्हरवर लोड आहे," सर म्हणाले. सर्व्हरवरचा लोड हे सरांचं कायमचं उत्तर आहे. एकदा बाथरूमचा नळ गळत होता तेव्हाही मला वाटलं होतं, आता हेच म्हणतील.

"मी बघते," मी म्हणाले.

"बघा की," बबनभाऊ म्हणाले. "मान खाली, पाय वर करून बघा. सरळ दिसतो."

सर पुन्हा हसले. सरांना गिऱ्हाइकाचा प्रत्येक विनोद आवडतो.

तोपर्यंत तक्रारी वाढल्या होत्या. मालक बहुतेक सगळे आडवे. बैल मात्र दोनच प्रकारचे : एक तर व्यवस्थित उभे, नाहीतर थेट उताणे. मधलं काही नाही. मला हे विचित्र वाटलं. मूळ फाइल मी लॅपटॉपवर उघडली की फोटो सरळ, साइटवर टाकला की उलटा. कमिटीच्या अध्यक्षांचा फोटो तेवढा पहिल्यापासून सरळ. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांचा फोन आला.

"मॅडम, माझा बरा सरळ येतो? लोकांना फोटो काढता येत न्हाई का?"

अण्णांचा फोटो त्यांच्या पुतण्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता आणि मी तो अपलोड केला होता, एवढंच त्याचं कारण होतं. व्हॉट्सअ‍ॅप फोटो आधीच नीट करून पाठवतं. पण अण्णा ते स्वतःचं कर्तृत्व समजत होते, आणि मी ते तसंच राहू दिलं.

बबनभाऊंना मी एकच प्रश्न विचारला. "बैलाचा फोटो काढताना फोन कसा धरला होता?"

"असा." त्यांनी डाव्या हाताने फोन आडवा धरून दाखवला. उजवी मूठ आपोआप वळली आणि कमरेशी गेली.

"आणि उजव्या हातात?"

"कासरा नको का? त्यो काय शेळी हाय?"

तिथे सगळं उलगडलं. सोपं करून सांगते. फोनचा कॅमेरा फोटो नेहमी एकाच बाजूने साठवतो, तुम्ही फोन कसाही धरा. सोबत तो एक अदृश्य चिठ्ठी जोडतो : 'फोन असा धरला होता, दाखवताना एवढा फिरवून दाखवा.' गॅलरी ती चिठ्ठी वाचते आणि फोटो सरळ करून दाखवते. फ्रिजच्या खोक्यावर 'ही बाजू वर' असा बाण असतो, तसंच. आमची साइट अपलोड झालेल्या मोठ्या फोटोची लहान कॉपी बनवत होती आणि तेवढ्यात बाण फाडून फेकत होती. कॉपी बनवायचं ते पॅकेज सरांनी कुठूनतरी फुकट मिळवलं होतं, आणि तेच वापर म्हणून सांगितलं होतं.

बैल लांब असतो, म्हणून लोक फोन आडवा धरतात. उजव्या हाताने आडवा धरला तर फोटो मुळातच सरळ साठतो. डाव्या हाताने धरला तर पूर्ण उलटा. आणि डाव्या हाताने कोण धरतं? ज्याचा बैल मारका आहे तो. उजवा हात कासऱ्यावरून सुटतच नाही. म्हणजे आमच्या साइटवर बैल जितका तापट, तितका उताणा. माणसांचे फोटो उभ्या फोनवर, म्हणून माणसं आडवी.

मी हे सरांना सांगितलं. सर म्हणाले, "कोडला आत्ता हात लावू नको. नोंदणी चालू आहे. आधी लोकांना शांत करू." आणि त्यांनी गाडामालकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला : 'ज्या मालकांचा फोटो उलटा येत आहे त्यांनी फोन उलटा धरून फोटो काढावा. सहकार्याबद्दल धन्यवाद.'

लोकांनी सहकार्य केलं. ज्यांचे उलटे येत होते त्यांनी फोन उलटा धरला आणि त्यातले काही खरंच सरळ झाले. त्याचं श्रेय सरांनी घेतलं. पण ज्यांचे आधी सरळ येत होते त्यांनीही, न जाणो म्हणून, फोन उलटा धरला. त्यांचे बैल आता उताणे झाले. काहींनी 'उलटा'चा अर्थ 'उभा' असा घेतला आणि त्यांचे बैल शेपटीवर उभे राहिले. एका मालकाने स्वतःच खाली डोकं वर पाय करून फोटो काढायचा प्रयत्न केला, असं ग्रुपवर कुणीतरी लिहिलं. ते खरं असेल असं मला वाटत नाही. पण त्या दिवसांत खात्रीने नाही म्हणता येत नव्हतं.

शेवटी अण्णांनी सरांना फोनवर झापलं आणि मला कोडला हात लावायची परवानगी मिळाली. काम दोन ओळींचं होतं. कॉपी बनवण्याआधी चिठ्ठी वाचायची, तिने सांगितलंय तेवढा फोटो फिरवायचा, मग लहान करायचा. मूळ फाइल्स मी सर्व्हरवर जपून ठेवल्या होत्या, म्हणून जुन्या सगळ्या कॉपी नव्याने बनवता आल्या. चहा येईपर्यंत तालुक्यातले सगळे बैल आपापल्या पायांवर उभे होते. उलट्या धरलेल्या फोनमधलेसुद्धा, कारण फोन उलटा धरला तरी चिठ्ठी खरंच सांगते.

"एवढंच होतं?" सर म्हणाले. "मग इतके दिवस काय केलंस?"

मी चहा प्यायले.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण सर मुळात फ्लेक्सवाले, आणि यात्रेचा मोठा फ्लेक्सही आमच्याकडेच होता.

फ्लेक्सच्या धंद्यात एक नियम आहे, तो बाहेरच्यांना माहीत नसतो. मधे मोठा माणूस. दोन्ही बाजूंना लहान माणसं. आणि लहान माणसांची तोंडं मोठ्या माणसाकडे वळलेली पाहिजेत. कुणाचं तोंड बाहेरच्या बाजूला असेल तर तो फोटो फ्लिप करायचा, म्हणजे आरशात दिसतो तसा पलटवायचा. नाहीतर पाठ केल्यासारखं दिसतं, आणि मोठी माणसं असल्या गोष्टी लक्षात ठेवतात. सर हे इतक्या वर्षांच्या सवयीने करतात, की फ्लिप आणि फिरवणं यात काही फरक आहे हेच त्यांच्या लेखी उरलेलं नाही. फरक आहे. डाव्या पायाची चप्पल कितीही फिरवा, ती उजव्या पायाची होत नाही. आरशात होते.

फ्लेक्सवर मधे अण्णा होते, गॉगल लावून. दोन्ही बाजूंना दोन-दोन बैल. तीन बैल आपणहून अण्णांकडे बघत होते. चौथा बादल. बबनभाऊंनी यात्रेचा मंडप दिला होता, म्हणून त्यांचा बैल फ्लेक्सवर घेणं भाग होतं. आणि त्याने अण्णांकडे पाठ केली होती.

सरांनी बादलला फ्लिप केलं. रंग उजळले, आभाळ निळं केलं. फोटो इतका झकास झाला की सरांना वाटलं, साइटवरही हाच असू दे. अ‍ॅडमिनचा पासवर्ड त्यांच्याकडे होताच. त्यांनी जुना फोटो काढून हा टाकला आणि पासवरही हाच गेला.

दुसऱ्या दिवशी मी पाहिलं. बादलच्या डाव्या कानातला पिवळा बिल्ला उजव्या कानात गेला होता.

"सर, हा फ्लिप झालाय."

"मग? अण्णांकडे पाठ करून उभा करू?"

"फ्लेक्सवर असू दे. साइटवर आणि पासवर मूळचा टाकूया. बिल्ला दुसऱ्या कानात दिसतोय."

"अगं, लोक बैल बघतात. कान कोण बघतं?"

"कमिटी बघेल."

"पास छापून गेलेत. आता हात लावायचा नाही."

हे मी ज्या आवाजात बोलले, तो आवाज खालच्या मशीनच्या घरघरीत सहज विरतो. मी पुन्हा ईमेलवर लिहिलं. सर ईमेल वाचत नाहीत. आमच्या ऑफिसात ईमेल फक्त मीच मला पाठवते.

शर्यतीच्या दिवशी सर मला घाटात घेऊन गेले. साइट बंद पडली तर, म्हणून. स्वतः ते टोपी-उपरणं घालून आले होते, कारण 'डिजिटल सहकार्या'बद्दल त्यांचा सत्कार होता. मला निवेदकाच्या टेबलामागे एक खुर्ची मिळाली. लांब चढावर बायका पोराबाळांना घेऊन शर्यत बघत होत्या. माईकच्या आसपास बाई मी एकटीच, म्हणून येणारा-जाणारा प्रत्येक जण मला विचारत होता, "ताई, पाणी कुठं मिळंल?"

तपासणी आमच्याच टेबलाशी होती. कमिटीचा एक कार्यकर्ता हातात पास घेऊन बैलाभोवती फिरायचा. बादल आला. नवीन घेतलेला बैल, या घाटात पहिल्यांदाच, त्यामुळे त्याला ओळखणारं कुणी नव्हतं. कार्यकर्त्याने पास पाहिला. बैल पाहिला. पुन्हा पास पाहिला.

"भाऊ, बिल्ला पासवर उजव्या कानात हाय. बैलाच्या डाव्या कानात हाय."

"असं कसं व्हईल?" बबनभाऊ म्हणाले.

"त्येच इचारतोय, राव. या कानातला त्या कानात कसा गेला?"

मागून कुणीतरी ओरडलं, "दुसऱ्याचा बैल आणला असंल! मागल्या वर्षावानी!"

हशा झाला. निवेदकाने माईकवरून सांगून टाकलं, "बबनभाऊंच्या गाड्याची तपासणी सुरू आहे, मंडळी, बैलाबद्दल शंका आहे, शांतता राखा." म्हणजे ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही कळलं. एका गाड्याला चार बैल असतात, आणि बबनभाऊंच्या गाड्याचे बाकीचे तीन बैल त्यांच्या सोबत्यांचे होते. ते तिघे सोबती बबनभाऊंपासून हळूहळू दूर जाऊन उभे राहिले. मी ते पाहिलं. बबनभाऊंनीही पाहिलं.

अण्णा आले. पास हातात घेऊन लांब धरला, मग जवळ. "नियम म्हंजी नियम. गाडा बाद."

बबनभाऊ ओरडतील असं मला वाटलं होतं. ते ओरडले नाहीत. कासरा धरलेला हात तेवढा घट्ट झाला. "बाद करा अण्णा," ते म्हणाले. "पर माईकवरनं चोर म्हनला, त्ये मागं घ्या. पोरं हायेत माझी तिथं वर."

"मग फोटो दुसऱ्या बैलाचा का दिला?"

आता सगळे गणेश सरांकडे बघत होते. सरांना सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. सरांनी उपरणं सारखं केलं आणि म्हणाले, "सिस्टिम शंभर टक्के ओके आहे, अण्णा. मालकांनी जो फोटो टाकला तोच पासवर येतो. वाटल्यास मॅडमना विचारा, साइट त्यांनीच बनवलीय." मग माझ्याकडे वाकून, अगदी हळू, "फक्त हो म्हण."

निवेदकाने माईक माझ्यापुढे केला. त्यात काही वाईट हेतू नव्हता. त्याला मधली वेळ भरायची होती.

पुढे काय झालं ते आधीच सांगते. कमिटीने पासवरचा फोटो टॅबवर मोठा करून पाहिला. तिघांनी पाळीपाळीने. मग बादलच्या कानापाशी जाऊन पाहिलं. निवेदकाने "शंका दूर झालेली आहे" असं जाहीर केलं, आणि अण्णांनी डोळे वटारल्यावर "बबनभाऊंची माफी" हेही जोडलं. गाडा पळाला. जिंकला नाही, चढाच्या मध्यावर तिरका गेला. त्याला सॉफ्टवेअर जबाबदार नव्हतं.

संध्याकाळी बबनभाऊ गुळाची ढेप घेऊन आमच्या गाडीपाशी आले. "मॅडम, येवढा आवाज व्हता, तर हापिसात कुठं ठिवता?" म्हणाले. "बैलाला बरं आहे ना?" असं मी विचारलं.

सरांचा सत्कार झाला नव्हता, नारळ परत पिशवीत गेला होता. मला वाटलं, नोकरी गेली. पण सोमवारी त्यांनी भिंतीवर एक प्रिंटआउट लावला : 'नोंदणीचा कोणताही फोटो आयटी विभागाला विचारल्याशिवाय फ्लिप करू नये.' आयटी विभाग म्हणजे मी. येणाऱ्या गिऱ्हाइकांना ते सांगतात की ही आपली पहिल्यापासूनची पॉलिसी आहे. अण्णांनी निरोप पाठवला, की पुढच्या यात्रेच्या फ्लेक्सवर बैल नकोत, फक्त माणसं घ्या. माणसांना बिल्ला नसतो.

या सगळ्यातून मी शिकले ते एवढंच : उलटा फोटो सरळ करायला कोडच्या दोन ओळी पुरतात. त्या लिहायची परवानगी मिळवणं हेच खरं सॉफ्टवेअरचं काम आहे, आणि ते कॉलेजात शिकवत नाहीत.

तर माईक. तो थंड होता, आणि त्यातून माझा श्वाससुद्धा घाटभर ऐकू जात होता, त्यामुळे आता गप्प राहूनही काही उपयोग नव्हता. मी म्हणाले :

"बिल्ल्यावरचा नंबर मोठा करून बघा, आकडे उलटे दिसतील. बबनभाऊंनी फोटो बरोबर दिला होता, बैलही तोच आहे. फ्लेक्सवर त्याने अण्णांकडे पाठ केली होती, म्हणून आमच्या सरांनी त्याला अण्णांकडे वळवलं. बैलाबरोबर कानही वळला."